राजपुत्राला मरण नाही

‘या खेळात मरायचीसुद्धा सोय नाही!’ असे म्हणून दादाने हातातला कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि तो चिवड्याच्या बशीकडे वळला. २००९ सालच्या दिवाळीतली ही गोष्ट. मी भाऊबिजेसाठी त्याच्याकडे पुण्याला गेले होते. ज्या खेळावर आमचे बालपण गेले त्याचा नवा अवतार त्याने मोठ्या हौसेने विकत आणला होता, आणि दोन तासांतच त्याचे मन त्यावरून उडाले होते.

खेळाचे नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. ज्या वाचकांच्या कानांवरून हे नाव गेलेले नाही, त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की नव्वदीच्या दशकात ज्या ज्या गावात संगणकाचा क्लास निघाला, तिथे डॉसच्या आज्ञा आणि हा राजपुत्र बहुधा एकाच फ्लॉपीतून आले. गोष्ट म्हणाल तर आजीच्या गोष्टीइतकी साधी. सुलतान लढाईवर गेला आहे. जाफर नावाचा दुष्ट वजीर राजकन्येला सांगतो, ‘तासाभरात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर.’ तिचा प्रियकर तळघरात कोंडलेला आहे. त्याने बारा मजल्यांचे भुयारी जाळे ओलांडून, साठ मिनिटांच्या आत तिच्यापर्यंत पोचायचे. साठ मिनिटे म्हणजे आपल्या घड्याळातली खरीखुरी साठ मिनिटे.

हा खेळ रचणारा जॉर्डन मेक्नर हा अमेरिकन तरुण तेव्हा येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडला होता. विद्यार्थी असतानाच १९८४ साली त्याने ‘कराटेका’ नावाचा खेळ करून नाव मिळवले होते. १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घातले, एका मोकळ्या वाहनतळावर नेले आणि सांगितले, ‘पळ. उडी मार. कठड्याला लोंबकळ.’ त्याचे व्हिडिओ चित्रण केले. मग ती फीत एकेक चित्र थांबवून पाहायची, पडद्याचे छायाचित्र काढायचे, त्यावर काळ्या-पांढऱ्या रंगाने आकृतीची कड साफ करायची आणि ती आकृती संगणकात उतरवायची, असा किचकट उद्योग त्याने केला. तलवारबाजीसाठी १९३८ सालच्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातले शेवटचे द्वंद्व त्याच रीतीने उतरवले. संगीत वडिलांनी रचले. त्याचे वडील, फ्रान्सिस मेक्नर, व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. एकूण कारखाना अगदी घरगुती! चार वर्षांनी, १९८९ साली, ब्रॉडरबंड या कंपनीने हा खेळ बाजारात आणला, तोही ॲपल टू या यंत्रासाठी, ज्याचे दिवस तेव्हा भरत आले होते. खेळ जगभर गेला तो पुढे, इतर यंत्रांवर चढल्यावर.

त्याआधीचे खेळ पाहिले म्हणजे या पांढऱ्या कपड्यांतल्या मुलाचे महत्त्व कळते. खेळातले मरण ही मुळात नाण्याच्या फटीतून आलेली चीज आहे. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’, १९८० चा ‘पॅक-मॅन’ हे जत्रेतल्या पाळण्यासारखे नाणे टाकून खेळायचे खेळ. खेळणारा लवकर मेला नाही तर मालकाच्या गल्ल्यात दुसरे नाणे पडायचे कसे? त्या काळचा कठीणपणा हा निम्मा कलेचा आणि निम्मा दुकानदारीचा होता. यंत्र घरात आले, नाणे गेले, पण मरण तेवढे सवयीने राहून गेले. मेक्नरने त्या सवयीला वजन दिले. पॅक-मॅन मेला तर वाईट वाटत नाही. तो एक पिवळा गोळा. हा राजपुत्र कठड्यावरून निसटला की एक खराखुरा मुलगा निसटला असे वाटे, कारण ते अंग एका खऱ्या मुलाचे होते. खाली भाले असत. त्यांवर तो पडला की आमच्या क्लासमधली सगळी पोरे एकदम ‘आई गं!’ म्हणत.

आमचा क्लास साताऱ्यात होता. साल १९९४. आठवड्यातून तीनदा, शेवटची पंधरा मिनिटे, सर बाहेर चहाला जात आणि राजपुत्राचा अंमल सुरू होई. यंत्रे चार. एका यंत्रावर चौघे-पाच मुलगे. आम्ही मुली तिघीच, आणि कीबोर्डाला आमचे बोट लागू देत नसत. ‘तू मारशील त्याला,’ हे दादाचे ठरलेले वाक्य. आणि त्यात खोटे काही नव्हते. मेला की त्या मजल्याच्या आरंभापासून पुन्हा, आणि घड्याळ मात्र चालूच! पंधरा मिनिटांच्या कमाईत नवशिक्याला कोण वाव देणार? कठीण खेळाचा हा एक गुण कोणी फारसा बोलून दाखवत नाही: तो मागे उभे राहणाऱ्यांची एक रांग तयार करतो.

त्या रांगेत उभी राहून मी गणिताच्या चौकटीच्या वहीत नकाशे काढले. कोणती फरशी पायाखालून निसटते, कोणत्या फरशीवर पाय दिला की फाटक उघडते, औषधाची बाटली कुठे आणि विषाची कुठे. आमच्या पडद्याला रंग नव्हते, त्यामुळे विष आणि औषध जवळजवळ सारखेच दिसे. कोणीतरी मरून दाखवावे तेव्हा मी वहीत फुली मारायची. महिनाभरात वही भरली. दादा खेळे आणि मी मागून सांगे, ‘डावीकडे. आता उडी. थांब, पुढे पाते आहे.’

चौथ्या मजल्यावर एक आरसा आहे. राजपुत्र धावत जाऊन त्यातून आरपार उडी घेतो, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने त्याचीच सावली निघून पळून जाते. या सावलीच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. मेक्नरच्या एका मैत्रिणीने त्याच्यामागे लकडा लावला होता की या खेळात झुंज हवी. पण यंत्राची सारी स्मृती त्या भावाच्या चित्रांनीच भरून गेलेली. नव्या माणसाला जागाच उरली नव्हती. तेव्हा त्याने त्याच चित्रांवर थोडी गणिती उलटापालट करून त्याच राजपुत्राचे एक भुतासारखे चमचमणारे रूप काढले. शत्रूला जागा नव्हती, म्हणून शत्रू स्वतःतूनच निघाला!

ही सावली शेवटी बाराव्या मजल्यावर तलवार घेऊन आडवी येते. आमच्या क्लासचे सारे वीर तिथे अडकले. तिला वार करावा, तर आपलाही जीव तेवढाच कमी होई. आठवडाभर मुलगे अधिक वेगाने, अधिक त्वेषाने वार करीत राहिले आणि अधिक वेगाने मरत राहिले. मागे उभ्या असलेल्या माणसाला कधी कधी हातात तलवार असलेल्यापेक्षा जास्त दिसते. मी म्हटले, ‘दादा, तलवार म्यान कर.’ कोणी ऐकले नाही. चौथ्यांदा म्हटले तेव्हा केवळ मला गप्प करण्यासाठी त्याने ती म्यान केली. सावलीनेही तलवार म्यान केली. दोघे एकमेकांकडे चालत गेले आणि एक झाले. पुढे जिथे नुसती पोकळी होती तिथे राजपुत्र धावत सुटला, तशी त्याच्या पायाखाली एकेक फरशी उमटत गेली. क्लासमध्ये जो गलका झाला त्याने सर चहा टाकून धावत आले. दादाला पोरांनी उचलून घेतले. वहीचे नाव कोणी काढले नाही. असो.

यानंतरचा इतिहास भराभर सांगते. १९९३ साली दुसरा भाग आलाच होता. १९९९ चा त्रिमितीतला तिसरा भाग साफ पडला. मग २००३ साली युबिसॉफ्ट या कंपनीच्या कॅनडातील माँट्रियल शाखेने, मेक्नरला सोबत घेऊन, ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्याची कथा हिंदुस्थानातून सुरू होते. पर्शियाची फौज एका महाराजाचा राजवाडा लुटते, त्या लुटीत एक जादूची कट्यार राजपुत्राच्या हाती लागते आणि महाराजाची कन्या फराह बंदिवान होते. (याच खेळाच्या नव्या आवृत्तीचे काम २०२० साली कंपनीच्या पुणे व मुंबई शाखांकडे असल्याचे जाहीर झाले, तेव्हा दादाने मला मुद्दाम फोन केला होता, २०२२ साली ते काम माँट्रियलकडे गेले.) ती कट्यार दाबली की काळ मागे सरके. पडलात? दहा क्षण मागे जा आणि पुन्हा उडी घ्या. कट्यारीतली वाळू संपली आणि मेलात, तर राजपुत्र स्वतःच म्हणे की नाही, नाही, तसे घडले नव्हते, पुन्हा सांगतो. सारा खेळ म्हणजे त्याने सांगितलेली एक गोष्ट होती, आणि गोष्ट सांगणारा मध्येच मरेल कसा? मरणाची धार बोथट होऊ लागली ती इथून. पण वाळू मोजकी होती. कंजूषपणे वापरावी लागे.

डिसेंबर २००८ मध्ये माँट्रियलकरांनी पाटी पुसून नव्याने श्रीगणेशा केला. नाव तेच, पण राजपुत्र नवा. खरे तर तो राजपुत्रही नव्हे, वाळूच्या वादळात आपले गाढव हरवून बसलेला एक भटक्या. गाढवाचे नाव मात्र फराह! त्याला एलिका नावाची राजकन्या भेटते. अहुर मझ्द आणि अहरिमन यांच्या जुन्या इराणी कथेवर रचना बेतलेली आहे. पारशी शेजार लाभलेल्या मुंबईकरांना ही नावे परकी वाटणार नाहीत. अहरिमन एका झाडाखाली बंदिस्त होता, तो सुटू पाहतो आहे, आणि या दोघांनी उजाड झालेली भूमी एकेक करून पुन्हा हिरवी करायची. चित्रे अशी देखणी की पाहत राहावे. आणि पडलात, तर एलिका तुमचा हात धरते. दर वेळी. दरीत पडा, कड्यावरून पडा, तिचा हात येतोच आणि तुम्हाला मागच्या पक्क्या जागेवर ठेवतो. झुंजीतही ती वाचवते. फक्त शत्रूला थोडा दम परत मिळतो.

यावर तेव्हा पुष्कळ ओरड झाली. समीक्षकांनी रंगांचे कौतुक केले आणि खेळ फार सोपा म्हणून नाके मुरडली. गंमत अशी की दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००९ मध्ये, जपानात ‘डेमन्स सोल्स’ नावाचा एक निर्दय खेळ निघाला, ज्यात पावलोपावली मरण होते. आणि पुढची अनेक वर्षे जग त्याच्या मागे गेले. एलिकाचा हात धरायला फारसे कोणी आले नाही. २०२४ साली ‘द लॉस्ट क्राउन’ निघाला, त्यात पुन्हा भाले आले, पाती आली, मात्र कठीणपणा आपल्याला झेपेल तेवढा कमीजास्त करण्याची मुभाही आली.

दादाचे म्हणणे मला त्या दिवशी पटले होते आणि आजही निम्मे पटते. पण हिशेब मांडला तर काय दिसते? दुसऱ्या खेळांत मेलात की पडदा काळा होतो, क्षणभर थांबावे लागते आणि मागच्या खुणेपासून पुन्हा सुरू. एलिका तेच करते, फक्त पडदा काळा न करता. नव्या खेळातून गेले ते मरण नव्हे. गेले ते घड्याळ. आणि मदत म्हणाल, तर जुन्या खेळातही ती होती! आठव्या मजल्यावर फाटक बंद होते आणि राजपुत्र आत अडकतो. बाहेर पडायला कोणतीही युक्ती नाही. तेव्हा राजकन्येने पाठवलेला इवलासा पांढरा उंदीर तुरतुरत येतो, फरशीवर चढतो आणि फाटक उघडते. तेव्हा तो उंदीर पाहून दादा आनंदाने नाचला होता. मात्र तो उंदीर एकदाच येई.

त्या रात्री सगळी झोपल्यावर मी कंट्रोलर हातात घेतला. माझ्या मागे कोणी रांगेत नव्हते. मी पडले, उठले, शंभरदा पडले असेन. चार रात्री लागल्या. त्या चार रात्रींत ‘तू मारशील त्याला’ हे वाक्य मला एकदाही ऐकू आले नाही.

आणि मग शेवट. एलिका पूर्वीच एकदा मेली होती, हे तोवर आपल्याला कळलेले असते. बापाने तिच्या प्राणांच्या बदल्यात अहरिमनला सोडण्याचे कबूल केले होते. अहरिमनला पुन्हा कोंडायचे तर ते प्राण तिने परत द्यायचे. ती देते. राजपुत्र तिचा देह उचलून देवळाबाहेर आणतो, पडद्यावर खेळ करणाऱ्यांची नावे सरकू लागतात. मी समजले, संपले. पण नावे संपली तरी खेळ हलत होता. माळावर चार झाडे उभी होती आणि माझ्या हाती तलवार होती.

ती झाडे तोडायची, मग देवळातले मोठे झाड तोडायचे, त्यातला प्रकाश तिच्या अंगी घालायचा. ती उठते आणि अहरिमन सुटतो. इतके दिवस हिरवी केलेली सारी भूमी पाण्यात! दुसरा मार्ग खेळात ठेवलेलाच नाही. नको असेल तर यंत्र बंद करावे, इतकीच मोकळीक. मी त्या माळावर बराच वेळ राजपुत्राला नुसते फिरवत राहिले. ज्या हाताने मला शंभरदा धरले, तो निपचित पडला होता. कठीण खेळ मी पुष्कळ पाहिले. पण बोट एवढे जड झालेले मला आठवत नाही.

पाणी प्यायला उठलेला दादा मागे कधी येऊन उभा राहिला ते कळले नाही. पडद्याकडे पाहत त्याने विचारले, ‘आता काय करायचे असते?’

मी सांगितले.

‘मग तोडतेस का?’

मी पहिले झाड तोडले. दादाने खुर्ची ओढली आणि तो माझ्या मागे बसला. चौथ्या झाडापाशी तो हळूच म्हणाला, ‘डावीकडून जा, देऊळ तिकडे आहे.’