संकवक

वनस्पतींची मुळे व जमिनीतील काही कवके यांच्या परस्परांस उपकारक अशा सहजीवनाला संकवक म्हणतात. मायकोरायझा ही पाश्चात्त्य संज्ञा ‘कवक’ व ‘मूळ’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनली असून ती १८८५ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यांनी रूढ केली. ट्रफल या खाद्य भूछत्राची लागवड करता येईल काय, हे पाहण्याचे काम प्रशियाच्या शासनाने त्यांच्याकडे सोपविले होते. तो प्रश्न बाजूस राहिला. पण ओक, बीच इ. वृक्षांच्या मुळांची टोके कवकाच्या आवरणाने वेढलेली असतात व हे कवक झाडास अन्नपाणी पुरविते, असे त्यांनी प्रतिपादिले. रोबेर्ट हार्टिख यांच्यासारख्या वनशास्त्रज्ञांनी त्या कवकास परजीवीच मानले.

वनवृक्षांवरील हे आवरण डोळ्यांना दिसते. ज्वारी, तूर, हरभरा, कापूस इ. पिकांत मात्र कवक मुळाच्या आत, मध्यत्वचेच्या कोशिकांत राहते आणि मूळ वरून निरोगी व नेहमीसारखेच दिसते. जावातील वनस्पतींत यान्से यांनी १८९७ मध्ये व नंतर गालो यांनी १९०५ मध्ये या आंतर प्रकाराचे वर्णन केले, तरी शेतीशास्त्राने त्याची फारशी दखल घेतली नाही. इंदूर येथील संस्थेत १९२४–३१ या काळात कंपोस्टवर काम केलेले सर ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी १९४० च्या आपल्या ग्रंथात संकवकास सुपीक जमीन व निरोगी पीक यांमधील दुवा ठरविले. त्यांची दृष्टी अचूक होती. पुरावा मात्र तोकडा होता. बार्बरा मॉस यांचे १९५० नंतरचे प्रयोग आणि दाहक पोटॅशने मुळे पारदर्शक करून ती रंगविण्याची फिलिप्स व हेमन यांची १९७० मधील पद्धत यांमुळे हे कवक साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सहज दिसू लागले.

फॉस्फेट मृदेत फार मंद गतीने सरकते. त्यामुळे मुळालगतचा एकदोन मिलिमीटरांचा थर लवकरच रिता होतो व मूळ जागीच उपाशी राहते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असे कवकतंतू हा थर ओलांडून काही सेंटिमीटर दूरचे फॉस्फेट व जस्त आणतात आणि कोशिकेतील झाडासारख्या शाखित रचनेतून ते वनस्पतीस देतात. मोबदल्यात त्यांस शर्करा व मेदाम्ले मिळतात. मेदाम्लांची देवघेव २०१७ मध्ये सिद्ध झाली.

धाराशिव जिल्ह्यातील कळंब परिसरात, मांजरा नदीच्या खोऱ्यात, बेसॉल्टपासून बनलेली चुनखडीयुक्त काळी जमीन आहे. अशा अल्कधर्मी मृदेत खतातील फॉस्फेटाचा मोठा भाग कॅल्शियमाशी बांधला जातो. म्हणून या सहजीवनाचे मोल येथे विशेष. परंतु आंतर प्रकारचे कवक जिवंत मुळांवाचून आपले जीवनचक्र पुरे करू शकत नाही. पूर्वापार पद्धतीत खरिपात रान मोकळे ठेवून, कुळवाच्या पाळ्या देऊन रब्बी ज्वारी पेरीत. एखाद्या हंगामात, १९७२ सारख्या दुष्काळात, ती पेरणीच चुकली, तर जमीन वीस महिन्यांपर्यंत मुळांविना राहू शकते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनींत दीर्घ पडीनंतर पाणी व नत्र असूनही पिके खुरटत. त्याचे कारण कवकांचा ऱ्हास हे होय, असे जे. पी. टॉम्प्सन यांनी १९८७ मध्ये दाखविले. मराठवाड्यातील दुष्काळानंतरच्या पिकांकडेही या दृष्टीने पाहणे युक्त ठरते. स्वच्छ कुळवलेल्या रानापेक्षा थोडे तण वाढलेले रान या बाबतीत बरे, हे शेतकऱ्यास रुचणारे नाही. पण बहुतेक तणांची मुळे कवकास आश्रय देतात. मोहरी व कोबी यांच्या कुलातील पिके मात्र तो देत नाहीत. सोयाबीननंतर हरभरा घेण्याच्या अलीकडच्या पद्धतीत आश्रयी मुळे दोन्ही हंगामांत असतात.

ऱ्हायझोबियमाप्रमाणे हे कवक केवळ कृत्रिम माध्यमावर वाढविणे सोपे नाही. त्याची बीजुके कुंड्यांतील रोपांच्या किंवा प्रयोगशाळेत वाढविलेल्या मुळांच्या आधारे मिळवितात. दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने दुसऱ्या पद्धतीचे तंत्र उद्योगांस दिले आहे. रोपवाटिकेतील निर्जंतुक मातीत अशा संवर्धनाचा गुण लवकर येतो. शेतात स्थानिक कवके पुरेशी असल्यास किंवा स्फुरदयुक्त खत भरपूर दिल्यास तो दिसेलच असे नाही. कारण फॉस्फेट विपुल असले की वनस्पती कवकास मुळांत फारसा थारा देत नाही.