अणू : कल्पनेचा विकास

मूलद्रव्याचे गुणधर्म टिकवून ठेवणारा सर्वांत लहान घटक म्हणजे अणू. द्रव्य सूक्ष्म कणांचे बनलेले आहे, हे भारतात वैशेषिकांनी आणि ग्रीसमध्ये डेमॉक्रिटसने मांडले. पण तो निव्वळ तर्क होता. त्याला तराजूचा आधार मिळाला तो मँचेस्टरच्या जॉन डाल्टनमुळे. कार्बन आणि ऑक्सिजन यांचे दोन वायू होतात आणि कार्बन तेवढाच घेतला, तर एकात ऑक्सिजन दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट भरतो. ही पूर्ण पटच का? अणू अर्धा जोडला जात नाही म्हणून. डाल्टनने हा विचार १८०८ साली ग्रंथरूपाने मांडला.

तरीही शतकभर अणू हा अनेकांच्या लेखी हिशेबाच्या सोयीपुरताच होता. पाण्यातल्या कणांच्या अखंड वळवळीचे गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडले, पेरँने ते प्रयोगाने पडताळले, तेव्हा ओस्टवाल्डसारखा कडवा विरोधकही नमला.

गंमत म्हणजे तोवर अणूला तडा गेलेला होता. जे. जे. टॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला होता. लाडवात बेदाणे असावेत तसे धनभारित गोळ्यात इलेक्ट्रॉन रुतलेले असतात, अशी त्याची कल्पना होती.

ती मोडली पुन्हा मँचेस्टरमध्येच. १९०९ मध्ये रदरफर्डचे सहकारी गायगर आणि विशीतला विद्यार्थी मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसत. डोळे अंधाराला सरावले, की जस्त सल्फाइडच्या पडद्यावर उमटणारे प्रकाशाचे ठिपके सूक्ष्मदर्शकातून एकेक करून मोजायचे. धातूच्या पातळ पत्र्यावर सोडलेले अल्फा कण बहुतेक आरपार जात, पण काही चक्क उलटे फिरत. प्लॅटिनमवर साधारण ८,००० पैकी एक. त्याचा अर्थ लावायला रदरफर्डला १९११ साल उजाडले : अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान मधल्या चिमुकल्या केंद्रकात असते, आणि त्याचा व्यास अणूच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असतो.

केंद्रकाच्या वस्तुमानाचा ताळा चॅडविकने १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधल्यावर जुळला. इलेक्ट्रॉनचे कोडे अधिक अवघड होते. फिरता इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळायला हवा; तो कोसळत नाही, कारण त्याला ठरावीक ऊर्जापातळ्याच मिळतात, असे बोरने १९१३ मध्ये सांगितले. हायड्रोजनला हे चपखल बसले, हीलियमपाशीच अडले. १९२६ मध्ये श्रोडिंगरचे समीकरण आले आणि कक्षांची जागा संभाव्यतेने घेतली.

केंद्रकाभोवती वर्तुळे काढलेली अणूची आकृती पाठ्यपुस्तकांत अजून भेटते; ती समजायला सोपी आहे, पण बरोबर नाही.