शेवटचं कडवं कुणी कापलं?

दरवर्षी 14 एप्रिलच्या आधीचे आठ-दहा दिवस केदारखेड्यातल्या आमच्या वस्तीत दोनच विषय असतात : डीजे कुणाचा सांगायचा आणि गाणी कोणती वाजवायची. भोकरदन तालुक्यातल्या इतर गावांतही काही वेगळं नाही. 'कोणती गाणी' यावर तासतास वाद होतो. 'कुणाची गाणी' हे मात्र कुणी विचारत नाही. मागच्या एका जयंतीला आम्ही पोरांना विचारलं, आत्ता वाजलं ते गाणं कुणाचं? सगळ्यांनी गायकाचं नाव सांगितलं. लिहिलं कुणी? थोडा वेळ शांतता. मग एक जण म्हणाला, "जुनंय ते. लोकगीत असंल."

ते गाणं वामनदादा कर्डकांचं होतं.

त्या 'लोकगीत असंल'वर आम्हाला बोलायचं आहे. हा प्रकार फक्त आपल्याकडे घडलेला नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या गाण्यांच्या बाबतीत तो मोठ्या प्रमाणावर घडला, आणि त्याचे कागदोपत्री पुरावे आहेत. म्हणून आधी तिकडची गोष्ट.

डिसेंबर 2015 मध्ये 'रोलिंग स्टोन्स' हा ब्रिटिश रॉक बँड लंडनच्या एका स्टुडिओत जमला. मुख्य मंडळी सत्तरीच्या आसपासची. जमले होते स्वतःची नवी गाणी करायला, पण सूर जुळेना, म्हणून हात मोकळे करायला जुनं ब्लूज वाजवायला लागले आणि तिथंच रमले. तीन दिवसांत अख्खा अल्बम तयार झाला. 2 डिसेंबर 2016 ला तो 'ब्लू अँड लोन्सम' या नावाने बाजारात आला. त्यात 12 गाणी आहेत आणि त्यातलं एकही त्यांचं स्वतःचं नाही. लिटल वॉल्टर, हाउलिन वुल्फ, विली डिक्सन, जिमी रीड, मॅजिक सॅम अशा काळ्या कलावंतांची, बहुतेक 1950-60 च्या दशकांतली ही गाणी. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, 2018 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

ब्लूज म्हणजे काय, हे केदारखेड्यात समजावून सांगायला अवघड नाही. कापसाच्या शेतात मालकाच्या जमिनीवर राबणारी, उचल घेऊन कायम कर्जात अडकलेली, पुढे पोटासाठी शहराची गाडी धरणारी माणसं, त्यांचं हे गाणं. मडी वॉटर्स मिसिसिपीतल्या अशाच एका मळ्यावर राबायचा. 1943 मध्ये तो शिकागोला गेला आणि कारखान्याच्या कामाच्या जोडीला गाऊ लागला. आपल्याकडचे सालदार मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले, त्याच काळातली ही गोष्ट. अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना' ही छक्कड गावी राहिलेल्या माणसाच्या आठवणीतून उभी राहते. ब्लूजमधली कितीतरी गाणी तिथूनच सुरू होतात.

स्टोन्सनी बँडचं नावसुद्धा मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स 1961 मध्ये डार्टफर्डच्या रेल्वे स्टेशनवर भेटले तेव्हा जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्डी होत्या. म्हणजे ही पोरं काळ्यांच्या गाण्यावरच वाढली. आणि त्यांनी काही गोष्टी बऱ्या केल्या, हे मान्य करायला आम्हाला अडचण नाही. 1965 मध्ये अमेरिकन टीव्हीच्या एका कार्यक्रमात त्यांनी हाउलिन वुल्फलाही बोलवाच असा आग्रह धरला. वुल्फ गात होता आणि हे त्याच्या पायाशी बसून ऐकत होते. गोऱ्या पोरांसाठी काढलेल्या त्या कार्यक्रमात तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती.

पण नमस्कार करणं वेगळं आणि नाव लिहिणं वेगळं. रॉबर्ट जॉन्सनने 1936-37 मध्ये टेक्सासमध्ये 29 गाणी रेकॉर्ड केली आणि 1938 मध्ये, अवघ्या 27 व्या वर्षी तो वारला. 1969 च्या अल्बममध्ये स्टोन्सनी त्याचं 'लव्ह इन व्हेन' घेतलं तेव्हा लेखक म्हणून जॉन्सनचं नाव दिलं नाही. पुढे वाद कोर्टात गेला. स्टोन्सच्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की ही गाणी केव्हाच सार्वजनिक झालेली आहेत, कुणाच्या मालकीची नाहीत. सन 2000 मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने जॉन्सनच्या बाजूने निकाल दिला. माणूस मरून 62 वर्षं झाल्यावर.

'सार्वजनिक आहे' म्हणा, 'पारंपरिक आहे' म्हणा, 'लोकगीत असंल' म्हणा, अर्थ एकच होतो : करणारा माणूस पुसला जातो. गंमत अशी की राजाच्या दरबारातला कवी कधी 'पारंपरिक' होत नाही. परंपरेत विरघळून जायचं काम कायम शेतमजुराच्या, महाराच्या, मांगाच्या, काळ्या माणसाच्याच वाट्याला येतं. तमाशाच्या इतिहासात पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कुलकर्णी यांच्यावर पानंच्या पानं आहेत. त्यांच्या फडाचा प्राण असलेली पवळा त्याच पानांत बापूरावांच्या आडोशाला उभी दिसते. तीही महाराचीच लेक होती.

विली डिक्सन मात्र गप्प बसला नाही. त्याने आणि मडी वॉटर्सने 1970 च्या दशकात आपल्याच जुन्या प्रकाशन कंपनीला थकलेल्या रॉयल्टीसाठी कोर्टात खेचलं. 1985 मध्ये डिक्सनने 'लेड झेपेलिन' या बड्या ब्रिटिश बँडवर दावा लावला. दोन वर्षांनी तडजोड झाली. गाणाऱ्यांना आपले हक्क कळावेत म्हणून त्याने संस्थाही काढली. आंदोलन म्हणतात ते हेच. म्हणूनच 2016 च्या अल्बममध्ये प्रत्येक गाण्यापुढे लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं आहे, हा आम्हाला स्टोन्सच्या मोठेपणाइतकाच डिक्सनच्या कोर्टबाजीचा परिणाम वाटतो. लिटल वॉल्टरला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. 1968 मध्ये तो 37 व्या वर्षी गेला आणि 1991 पर्यंत त्याच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

आता आपल्याकडे या. वामनदादा 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. (हाउलिन वुल्फही प्रौढपणीच लिहायला-वाचायला शिकला.) 1943 पासून 15 मे 2004 ला डोळे मिटेपर्यंत त्यांनी हजारो गाणी लिहिली. त्यांच्या आधी भीमराव कर्डक आणि इतरांचे जलसे होते, त्याआधी सत्यशोधकांचे. बाबासाहेबांचा विचार ज्यांना वाचता येत नव्हता त्यांच्यापर्यंत तो या गाण्यांनी नेला.

आणि या शाहिरांकडे कॉपीराइटचा कागद नव्हता तरी एक जुनी, पक्की सोय होती : नाममुद्रा. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव. 'तुका म्हणे', 'कहे कबीर', तसंच वामनदादांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. ज्याला शिक्का नाही, वकील नाही, छापखाना नाही, त्याने आपली सही गाण्याच्या चालीतच बसवून टाकली. गाणं जिथे जाईल तिथे नाव जाणार. रॉबर्ट जॉन्सनच्या रेकॉर्डवरचं नाव बदलता आलं. चालीत बसलेलं नाव कसं काढणार?

काढलं, आपणच काढलं. डीजेच्या मिक्समध्ये मुखडा आणि फार तर पहिलं कडवं राहतं, मग ठोका, मग पुढचं गाणं. रील तर तीस सेकंदांची. शेवटचं कडवं कुणाला नको असतं, आणि नाव नेमकं तिथेच असतं. एका गायन पार्टीने छापलेली भीमगीतांची पुस्तिका आमच्याकडे आहे. तिच्यात पार्टीच्या मालकाचा फोटो तीन ठिकाणी आहे, गीतकाराचं नाव एकाही गाण्याखाली नाही, आणि निम्म्या गाण्यांची शेवटची कडवी 'जागेअभावी' गेलेली आहेत. ही पार्टी आपल्याच लोकांची आहे. इथे गोऱ्यांकडे बोट दाखवून भागणार नाही.

यावर कार्यकर्ते आम्हाला सांगतात, "शाहिरांनी समाजासाठी लिहिलं, पैशासाठी नाही. गाणं चळवळीचं आहे." मान्य. वस्तीत, विहारात, मोर्चात ते फुकटच गायलं जावं. पण त्याच गाण्याच्या व्हिडिओवर जाहिराती चालतात तेव्हा पैसा चळवळीकडे जातो का? गीतकाराने त्याग करायचा आणि चॅनेलवाल्याने धंदा, ही कसली वाटणी? 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे वामनदादांची गाणी 2064 अखेरपर्यंत 'कुणाचीच नाहीत' असं होऊ शकत नाही. 2012 च्या दुरुस्तीने तर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही सोडून देता येत नाही. ज्यांनी संविधान लिहिलं त्यांच्यावरची गाणी आपण कायदा न वाचता वाजवतोय.

आणि नाव कशाला महत्त्वाचं, असं विचारणाऱ्यांसाठी एक आठवण. 'ब्लू अँड लोन्सम'मधल्या दोन गाण्यांत पाहुणा म्हणून एरिक क्लॅप्टनने गिटार वाजवली आहे. उभं आयुष्य काळ्यांच्या संगीतावर जगलेला हा माणूस 1976 मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून परदेशातून आलेल्यांना, काळ्यांना हाकला, असं दारूच्या नशेत बोलला होता. पुढे त्याने खेद व्यक्त केला. त्या बोलण्याच्या संतापातूनच ब्रिटनमध्ये वंशवादाविरुद्ध संगीतकारांची चळवळ उभी राहिली. गाणं आवडणं आणि गाणाऱ्याला माणूस मानणं या दोन गोष्टी आपोआप जोडलेल्या नसतात. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत शिंदेशाहीच्या आवाजावर सगळ्या जाती नाचतात. आणि याच महाराष्ट्रात, मे 2015 मध्ये, शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून एका तरुणाचा खून झाल्याची फिर्याद दाखल झाली. ठेका चालतो, नाव चालत नाही.

म्हणून या वर्षी आम्ही आमच्या मंडळापुढे एवढंच मांडलं : विहारात जे गाणं होईल ते शेवटच्या कडव्यासकट होईल आणि गाण्याआधी गीतकाराचं नाव सांगितलं जाईल. पोरांनी यादी करायला घेतली. पंधरा गाण्यांपैकी सहांपुढे नाव सापडलं, बाकी जागा कोऱ्या. इंटरनेटवर शोधून झालं, तिथेही गायकच. शेवटी यादी घेऊन एका आजीकडे गेलो. आजी महिला मंडळात चाळीस वर्षं गात आल्या आहेत, लिहिता येत नाही. एकेका गाण्याचा मुखडा आम्ही वाचायचा आणि त्या डोळे मिटून थेट शेवटच्या कडव्याला हात घालायच्या. दुसऱ्या ओळीत नाव आलं की थांबायच्या आणि म्हणायच्या, "हं, लिव्ह आता."

नवांपैकी सात जागा त्या दुपारी भरल्या.