पायदळाच्या हाती उद्या कोणती रायफल?

विशेष प्रतिनिधी, पुणे

मळवली स्थानकावर उतरून भाजे गावाकडे निघाले की समोर लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले दिसू लागतात. गावाच्या माथ्यावरील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदली गेली. त्यांतील एका विहाराच्या भिंतींवर शस्त्रधारी पुरुषांच्या आकृती कोरलेल्या आहेत. पुढे याच मावळाने शिवछत्रपतींना मावळे दिले, म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर पायदळ दिले. विसापूर हा लोहगडापेक्षा उंच असून त्याच्या अगदी शेजारी आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी विसापूर घेतला आणि लोहगड लढण्याआधीच हातचा गेला. ज्याच्या शस्त्राचा पल्ला मोठा आणि जागा उंच, त्याच्यासमोर तटबंदीही निरुपयोगी ठरते, हा धडा त्या डोंगरावर मिळाला होता.

जगभरच्या लष्करांत पायदळाच्या रायफलीविषयी सध्या जो वाद सुरू आहे, त्याच्या मुळाशी हाच पल्ल्याचा प्रश्न आहे. या वादाचे एक महत्त्वाचे केंद्र मावळच्या शेजारीच आहे. पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने, म्हणजेच ‘एआरडीई’ने, भारतीय जवानांच्या हाती दिलेल्या ‘इन्सास’ रायफलीचा आराखडा तयार केला. ती रायफल का आली, का नावडती झाली आणि तिच्यानंतर काय, याचा हा आढावा.

‘थ्री नॉट थ्री’ ते ‘एसएलआर’

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवान ‘थ्री नॉट थ्री’ ली-एन्फील्ड रायफल घेऊन लढले. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागणारी ही बंदूक नेमाला अचूक होती, पण वेगाच्या लढाईत मागे पडणारी होती. त्यानंतर ७.६२ मिमी ‘एसएलआर’ आली. चाप ओढला की एक गोळी सुटावी आणि पुढची आपोआप नळीत यावी, अशी तिची रचना होती. २० गोळ्यांचे मॅगझिन, लांब पल्ला आणि जबर तडाखा हे तिचे गुण. लांबी, वजन आणि खांद्याला बसणारा धक्का हे तिचे दोष. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ती पायदळाची सोबतीण होती. तिच्या भरवशाविषयी जुने सैनिक आजही आदराने बोलतात.

मात्र लढाई नेहमीच लांबून होत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये १० जुलै १९४४ रोजी मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन निकामी केली आणि टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही, तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर दस्त्याचे घाव घातले. या पराक्रमात त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसराच्या या सुपुत्राची कथा शौर्याची आहेच. शिवाय मॅगझिनमध्ये गोळ्या किती आणि ते बदलायला क्षण किती, हा रायफलीच्या आराखड्यातील प्रश्न प्रत्यक्षात जीवन-मरणाचा असतो, हेही ती सांगते.

काडतुसाचे गणित

रायफलीची चर्चा खरे तर काडतुसापासून सुरू करावी लागते. ‘एसएलआर’चे ७.६२ बाय ५१ मिमीचे काडतूस सुमारे २४ ग्रॅम वजनाचे असते. ‘एके’ मालिकेतील ७.६२ बाय ३९ मिमीचे सुमारे १६ ते १७ ग्रॅमचे, तर ‘इन्सास’चे ५.५६ बाय ४५ मिमीचे सुमारे १२ ग्रॅमचे. जवानाने २ किलो ४०० ग्रॅम वजनाची काडतुसे वाहायची ठरवली, तर पहिल्या प्रकारात त्याच्याकडे १०० गोळ्या असतील, दुसऱ्यात साधारण दीडशे आणि तिसऱ्यात २००.

पाठीवर पाणी, शिधा, वायरलेस आणि अंगावर चिलखती जाकीट घेऊन डोंगर चढणाऱ्या जवानाला हा फरक लगेच कळतो. हलक्या काडतुसाचा धक्का कमी असल्याने नवख्याचा नेमही लवकर बसतो. उलट, जड गोळी अधिक दूर जाते आणि आडोसा भेदण्याची तिची शक्ती जास्त असते. शिवाय तिच्या एका फटक्यात शत्रू निकामी होण्याची शक्यता वाढते. हलके, दूरवर जाणारे आणि जबर तडाख्याचे असे तिन्ही एकाच काडतुसात पुरेपूर मिळत नाही. रायफलीविषयीची बहुतेक मतभिन्नता यातूनच जन्मते.

पुण्याची रायफल

पाश्चात्त्य लष्करे ५.५६ मिमीकडे वळल्यानंतर १९८० च्या दशकात ‘एआरडीई’ने त्याच काडतुसाची भारतीय रायफल आखण्यास घेतली. तीच ‘इन्सास’. या नावाचा अर्थच भारतीय लघुशस्त्र प्रणाली असा आहे. एकेक गोळी किंवा तीन गोळ्यांची फैर झाडण्याची सोय तिच्यात होती. ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्ली येथील सरकारी कारखान्यांत तिचे उत्पादन झाले. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती देशाने पाहिली.

पुढच्याच वर्षी कारगिल घडले. अतिथंड उंचीवर प्लॅस्टिकच्या मॅगझिनना तडे जाणे, रायफल अडकणे, तीन गोळ्यांच्या फैरीऐवजी भलतेच होणे अशा तक्रारी आल्या. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळमधील कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात ४३ नेपाळी सैनिक ठार झाले. त्यानंतर त्या देशाच्या लष्कराने भारताकडून मिळालेल्या या रायफलीवर बोट ठेवले, तर वापर आणि देखभालीतील त्रुटींकडे भारतीय बाजूने लक्ष वेधले. पुढे केंद्रीय राखीव पोलीस दलानेही नक्षलग्रस्त भागासाठी ‘एके’ मालिकेतील रायफलींना पसंती दिली.

दोष कोणाचा, याविषयी आजही दोन मते आहेत. आराखडाच सदोष होता, असे एक मत. आराखडा ठीक होता, पण कारखान्यांतील उत्पादनाचा दर्जा एकसारखा राहिला नाही आणि जवानांच्या तक्रारींवर सुधारणा होण्यास फार वेळ लागला, असे दुसरे. दुसऱ्या मताला बाहेरच्या इतिहासाचा आधार आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची ‘एम-१६’ रायफलही ऐन लढाईत अडकत असे. काडतुसातील दारू बदलली गेली होती, नळीच्या आत क्रोमचा मुलामा नव्हता आणि सफाईचे साहित्य पुरेसे पोचले नव्हते. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, दोष दूर झाले आणि त्याच रायफलीचा वंश पुढे अनेक दशके टिकला. ‘इन्सास’च्याही सुधारित आवृत्त्या आल्या, पण तिच्यावर बसलेला शिक्का पुसला गेला नाही.

जखमी की ठार?

लहान गोळीच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद वर्षानुवर्षे सांगितला गेला. शत्रूचा सैनिक ठार झाला तर एक कमी होतो, जखमी झाला तर त्याला उचलण्यात आणखी दोघे गुंततात, असा तो होता. काश्मीरमधील दहशतवादविरोधी मोहिमांनी तो निकालात काढला. मरायलाच आलेला दहशतवादी जखमी झाला तरी गोळ्या झाडत राहतो आणि त्याला उचलायला कोणी येत नाही. अशा चकमकीत पहिल्या गोळीत समोरचा थांबला नाही, तर दुसरी गोळी जवानावर येते. म्हणूनच चकमकीत उतरणाऱ्या तुकड्यांनी ‘एके-४७’ला जवळ केले.

निविदांची आठ वर्षे

‘इन्सास’ला पर्याय शोधताना लष्कराने २०११ मध्ये नळी बदलून दोन वेगवेगळी काडतुसे वापरता येतील, अशा रायफलीची निविदा काढली. कल्पना आकर्षक होती, पण चाचण्यांत ती उतरली नाही आणि २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. २०१७ मध्ये ईशापूर कारखान्याची ७.६२ मिमी रायफल लष्कराने चाचणीनंतर नाकारली. अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या ‘सिग सॉअर’ कंपनीकडून ७२ हजार ४०० ‘सिग ७१६’ रायफली घेण्याचा करार झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३ हजार रायफलींसाठी ८३७ कोटी रुपयांचा करार झाला. ७.६२ बाय ५१ मिमीचे जड काडतूस वापरणारी ही रायफल प्रामुख्याने सीमेवरील पायदळासाठी आहे.

दुसरीकडे, रशियाच्या सहकार्याने उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे ‘एके-२०३’ रायफलींचे उत्पादन सुरू झाले. ६ लाख १ हजार ४२७ रायफलींचा हा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. जुलै २०२४ पर्यंत त्यांतील ३५ हजार लष्कराला मिळाल्याचे जाहीर झाले.

पुण्याचाही वाटा पुन्हा दिसू लागला आहे. ‘एआरडीई’ आणि महू येथील इन्फन्ट्री स्कूल यांनी मिळून ९ मिमीचे ‘अस्मी’ मशीन पिस्तूल अवघ्या चार महिन्यांत विकसित केल्याचे जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचा त्यात पुढाकार होता. जानेवारी २०२४ मध्ये याच संस्थेने हैदराबादच्या खासगी कंपनीसह तयार केलेली, चार किलोंहून कमी वजनाची ७.६२ मिमी ‘उग्रम’ रायफल पुण्यात सादर झाली. जवळच्या लढाईसाठी ‘एआरडीई’च्या आराखड्यावर आधारित ५.५६ मिमी कार्बाइन पुण्याची भारत फोर्ज कंपनी बनवणार आहे. संरक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२५ मध्ये भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स या दोन कंपन्यांशी मिळून सुमारे सव्वाचार लाख कार्बाइनचे करार केले.

दृष्टिक्षेपात

* एसएलआर: ७.६२ बाय ५१ मिमी, २० गोळ्या. लांब पल्ला, वजन अधिक.
* इन्सास: ५.५६ बाय ४५ मिमी, २० गोळ्या. हलके काडतूस, भरवशाविषयी तक्रारी.
* एके-२०३: ७.६२ बाय ३९ मिमी, ३० गोळ्या. मध्यम पल्ला, देखभाल सोपी.
* सिग ७१६: ७.६२ बाय ५१ मिमी, २० गोळ्या. सुमारे ५०० मीटरपर्यंत प्रभावी.
* उग्रम: ७.६२ बाय ५१ मिमी, २० गोळ्या. पुण्यात विकसित.

जगाचा कल कुठे?

अफगाणिस्तानच्या डोंगरांत तालिबानी मशीनगनचा मारा दूरवरून येई आणि अमेरिकी सैनिकांची ५.५६ मिमी गोळी तितक्या अंतरावर निष्प्रभ ठरे. विसापूरवरून लोहगड माऱ्यात येतो, तसाच हा प्रकार. त्यात आधुनिक चिलखती जाकिटांची भर पडली. परिणामी अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये ६.८ मिमीची नवी रायफल निवडली, ती आता ‘एम-७’ म्हणून ओळखली जाते. तिचे मॅगझिन २० गोळ्यांचे आहे. आधी सैनिक २१० गोळ्या वाहत असे, आता १४०. २०२५ मध्ये त्याच लष्करातील एका अधिकाऱ्याने वजन आणि अपुऱ्या गोळ्या या मुद्द्यांवर तिच्यावर जाहीर टीका केली, तर कंपनीने आक्षेप फेटाळले. फ्रान्स आणि जर्मनी यांनी मात्र नव्या रायफली घेतानाही ५.५६ मिमीच कायम ठेवली. म्हणजे श्रीमंत लष्करांतही एकमत नाही.

बंदुकीपेक्षा नेम महत्त्वाचा

तिसरा मतप्रवाह म्हणतो की, काडतुसाचा वाद आता दुय्यम आहे. चांगली दुर्बीण, रात्री पाहण्याची सोय आणि अंतर मोजून नेम सुचवणारी संगणकीय यंत्रणा यांमुळे साधी रायफलही अनेक पटींनी परिणामकारक होते. अमेरिकेच्या नव्या रायफलीवर अशी दुर्बीण आहे. भारतीय नौदलाने २०२० मध्ये छोटे ड्रोन टिपण्यासाठी रायफलीवर बसवायची इस्रायली यंत्रणा मागवली. युक्रेनच्या युद्धात स्फोटके घेऊन अंगावर येणारे ड्रोन पाडायला सैनिक छऱ्यांच्या बंदुका वापरताना दिसले. उद्याच्या जवानाला डोंगरावरच्या शत्रूइतकेच डोक्यावरच्या यंत्राकडेही लक्ष द्यावे लागेल. मात्र प्रत्येक उपकरणाबरोबर बॅटरी आणि वजन वाढते आणि अतिथंडीत बॅटरी लवकर उतरते, हेही विसरून चालणार नाही.

खरा प्रश्न

आज भारतीय लष्करात ५.५६ मिमीसह ७.६२ मिमीचे दोन प्रकार वापरात आहेत. कामानुसार वेगळे शस्त्र, ही भूमिका समजण्यासारखी आहे. सियाचीनची थंडी, थरचे वाळवंट आणि ईशान्येचा दमटपणा यांना एकच रायफल पुरी पडेल, हा आग्रह बहुधा ‘इन्सास’बरोबरच संपला. पण तीन काडतुसे म्हणजे तीन साठे आणि पुरवठ्याच्या तीन साखळ्या. तो भार खडकी आणि वरणगाव यांसारख्या दारूगोळा कारखान्यांवर आणि शेवटी खेचरावरून चौकीपर्यंत पोचणाऱ्या पेटीवर पडतो.

परदेशी की देशी, जड की हलकी, या वादात दोन्ही बाजूंना आधार सापडतो. ज्याला फारसा आधार सापडत नाही, तो विलंब. २०११ ते २०१९ या काळात कागदावर निविदा फिरत होत्या आणि जवान तक्रारींची रायफल खांद्यावर घेऊन गस्त घालत होता. ‘अस्मी’ चार महिन्यांत होऊ शकते, तर अडचण बुद्धीची नाही, हे उघड आहे. आराखडा करणारा, कारखान्यात घडवणारा आणि सीमेवर वापरणारा हे तिघे एकाच टेबलाशी बसले, चाचणीतील दोष लपवले गेले नाहीत आणि तक्रारीवर हंगामाच्या आत उपाय झाला, तर पुण्यात आखलेली पुढची रायफल जवान स्वतःहून मागून घेईल. ‘इन्सास’ने मोठी किंमत मोजून शिकवलेला धडा एवढाच आहे.