मोकळ्या जगाचे वाटाडे

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. अलीकडे ऊस, पलीकडे ऊस. न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना, पाटसला भीमा कारखाना. या भागाबद्दल लिहिणारे कोरेगाव भीमाबद्दल लिहितात, वढू बुद्रुकच्या संभाजी महाराजांच्या समाधीबद्दल, पाबळच्या मस्तानीच्या कबरीबद्दल, केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनबद्दल, दौंडच्या रेल्वे जंक्शनबद्दल लिहितात. लिहायलाच हवं. मला मात्र इथल्या एका लहानशा रिवाजाची नोंद करायची आहे. तो कुठल्या गॅझेटियरात येणार नाही. कॉम्प्युटरवरच्या खेळातली वाट एकमेकांना तोंडी सांगण्याचा हा रिवाज पंचवीस-तीस वर्षांत रुजला, वाढला आणि आता जवळजवळ संपला आहे. मी तो सगळा जवळून पाहिला, कारण माझं लहानपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं आणि पुढे शिरूरला एसटी स्टँडजवळ मी नेट कॅफे चालवला.

सुरुवात दौंडपासून करतो. नव्वदच्या दशकात स्टेशनबाहेर एका पानपट्टीमागच्या खोलीत व्हिडिओ गेमची मशीनं होती. एक रुपया टाकायचा आणि उभ्याने खेळायचं. सगळ्यांचा लाडका खेळ म्हणजे ‘मुस्तफा’. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो 1993 मध्ये काढला, हे मला फार पुढे कळलं. आमच्यासाठी त्यातला पिवळ्या टोपीचा मुस्तफा हाच खेळ होता. खेळणारा एक आणि त्याच्या पाठीशी उभे सहा-सात. पाठीमागचे बोलत असायचे: ‘आता वर हो’, ‘पिंपात पिस्तूल आहे, फोड’, ‘हा बॉस उडी मारून येतो, कोपऱ्यात थांब’. ज्याच्याकडे रुपया नसे त्याच्याकडे माहिती असे, आणि तीही कामाची असे. पुढे घराघरात टीव्हीला जोडायच्या कॅसेटचे गेम आले. त्यातल्या ‘काँट्रा’त वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए दाबलं की तीस जीव मिळायचे. हे आमच्याकडे कुठे छापलेलं नव्हतं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, एवढ्यावर ते गावभर पोचलं.

या खेळांमध्ये वाट एकच असायची, बहुतेक डावीकडून उजवीकडे. मागे फिरायची सोय नाही. त्यामुळे सल्लाही तेवढाच: कुठे उडी मारायची, कोणाला आधी हाणायचं.

2001 मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स आला आणि तालुक्याच्या गावांत कॉम्प्युटरची दुकानं वाढली. शिरूरला त्यात रांजणगाव एमआयडीसीची भर होती. बायोडाटा टाईप करायचा, ऑनलाईन फॉर्म भरायचा, निकाल बघायचा. कॅफेचं पोट या कामांवर चालायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीन पोरांना मिळायचं, तासाला वीस रुपये. ‘आयजीआय’, ‘रोड रॅश’, ‘काउंटर-स्ट्राइक’ हे सगळं चाललंच. पण खरा बदल केला ‘जीटीए व्हाइस सिटी’ने. कॉम्प्युटरवर हा खेळ 2003 मध्ये आला आणि आमच्याकडे त्यानंतर लवकरच.

एक गोष्ट मी तेव्हा टिपून ठेवली होती. मांडवगण फराट्याचा, टाकळी हाजीचा, कोणीही मुलगा पहिल्यांदा त्या खेळाला बसला की तो मिशन करत नसे. नुसता गाडी घेऊन फिरे. समुद्राच्या कडेने जाई, सिग्नलला थांबे, पाऊस आला की बघत राही. ‘भाऊ, मिशन नको, नुसतं फिरू द्या,’ असं मला किती जणांनी सांगितलं असेल. खेळाने पहिल्यांदाच ‘जा कुठे जायचं तिकडे’ म्हटलं होतं. त्या जगात वादळाचं कारण सांगून पलीकडच्या बेटावर जायचे पूल बंद ठेवलेले असतात, आणि मिशन पुढे नेल्यावरच ते उघडतात. पलीकडे काय आहे याची जी उत्सुकता मी त्या पोरांच्या तोंडावर पाहिली, ती कुठल्याही चीट कोडने भागणारी नव्हती. कोडही अर्थात सगळ्यांना पाठ होते. ‘पँझर’ टाईप केलं की रणगाडा आणि ‘लीव्ह मी अलोन’ टाईप केलं की पोलीस गायब. ज्यांना इंग्रजीचा तास नकोसा होई, त्यांनाही या शब्दांचं स्पेलिंग चुकत नसे.

मग 11 नोव्हेंबर 2011 ला ‘स्कायरिम’ निघाला. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीची ‘एल्डर स्क्रोल्स’ ही मालिका 1994 पासून चालू होती, हा तिचा पाचवा भाग. ड्रॅगन, जादू, बर्फाचे डोंगर, पडकी थडगी आणि जिकडे पाय नेतील तिकडे जायची मुभा. त्याला डिस्कवर सहा जीबी जागा लागे. आमच्या 512 केबीपीएसच्या लाईनवर तो उतरवायला एक अख्खा दिवस आणि रात्रही कमी पडली असती. म्हणून तो आला डीव्हीडीवर, पुण्याहून, नक्कल केलेला. त्या काळी तालुक्याच्या गावात सगळेच खेळ असे येत. मी एका मशीनला रॅम वाढवली, 512 एमबीचं ग्राफिक कार्ड घातलं आणि ते मशीन फक्त त्या खेळासाठी राखून ठेवलं.

अडचण भाषेची होती. हा खेळ बोलतो फार. लोक गोष्टी सांगतात, कामं देतात, आणि घराघरात पुस्तकं ठेवलेली असतात, ती खरोखर उघडून वाचता येतात. हे सगळं इंग्रजीत. खेळ फ्रेंच, जर्मन, पोलिश, रशियन, जपानी भाषांत निघाला, भारतातल्या एकाही भाषेत नाही. इथे आमच्याकडे एक माणूस पुढे आला. कवठे यमाईचा, डी.एड. होऊन नोकरीची वाट बघणारा. तो फॉर्म भरायला आला आणि मशीनसमोर थांबला. पडद्यावरचं इंग्रजी वाचून त्याने मराठीत सांगायला सुरुवात केली, आणि पुढे वर्षभर तोच आमचा वाचणारा झाला. एक खेळायचा, तो वाचून अर्थ सांगायचा, बाकीचे पोथी ऐकावी तसे ऐकायचे. त्याने लहानपणी नाथमाधवांचा ‘वीरधवल’ वाचला होता. अद्भुताची गोडी आपल्या वाचकाला नवी नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच अरबी सुरस कथा मराठीत आणायला घेतल्या होत्या. त्यामुळे त्याला ड्रॅगनची गोष्ट परकी वाटली नाही आणि त्याने ती ऐकणाऱ्यांनाही परकी वाटू दिली नाही.

त्याच वर्षी काउंटरवर एक दोनशे पानी वही आली. आधीच्या पानांवर व्हाइस सिटीचे कोड होते, पुढची पानं स्कायरिमने भरली. ती वही आजही माझ्याकडे आहे. अक्षर पाच-सहा जणांचं. एका पानावर निळ्या शाईत हे लिहिलंय:

‘सुरुवातीला दोघांपैकी कोणाच्याही मागे गेलं तरी चालतं. गुहेतून बाहेर आल्यावर उतार धर. वाटेत तीन उभे दगड लागतील: योद्धा, चोर, जादूगार. एकाला हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नको. नंतर बदलता येतो. गावात कोंबडी मारू नको, गाव अंगावर येतं. केसाळ हत्ती दिसले की लांबून जा, त्यांच्याजवळ राक्षस असतो. तो आधी काही करत नाही, फार जवळ गेलास तर आभाळात उडवतो. पैसे नसतील तर लाकडं फोड, गिरणीवाला एका लाकडाला पाच नाणी देतो. ओझं तीनशेच्या वर गेलं की पळता येत नाही. भांडी गोळा करू नको, हलकं आणि महाग ते उचल. सात हजार पायऱ्यांच्या वाटेवर बर्फातला राक्षस आहे, त्याला आग लागते. एफ पाच दाबून सेव्ह कर. लाईट दोनला जाते.’

शेवटचं वाक्य खेळातलं नाही, शिरूरचं आहे. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असे आणि सेव्ह कधी करायचं ते त्यावरून ठरे. इन्व्हर्टरवर दोन मशीन चालत, पण ग्राफिक कार्डवालं मशीन त्यावर घालायची माझी छाती होत नसे.

आणखी एका पानावर लोहारकामाची युक्ती आहे. लोखंडी सुऱ्या एकामागून एक बनवत राहायच्या, कौशल्य भराभर चढतं. 2012 मध्ये कंपनीच्या अपडेटने हे बदललं. वस्तू जितकी मोलाची तितका फायदा असा हिशोब आला, आणि नुसत्या सुऱ्यांचा उपयोग घटला. पण आमच्या नकलेला अपडेट मिळतच नव्हतं, त्यामुळे जगभर जुनी झालेली युक्ती शिरूरला पुढेही तशीच चालू राहिली. पुण्याला शिकायला गेलेला एक जण सुट्टीत आला आणि म्हणाला, ‘तिकडे हे चालत नाही.’ त्यावर मोठा वाद झाला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

खेळणाऱ्यांचे स्वभाव या खेळात जितके दिसले तितके दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिले नाहीत. शेतकऱ्याच्या घरचा एक मुलगा ड्रॅगनच्या वाटेलाच गेला नाही. व्हाइटरन गावाबाहेरच्या शेतातले कोबी, बटाटे, गहू काढायचा, मालकाला विकायचा आणि पुन्हा शेतात. तसं करता येतं हे बाकीच्यांना त्याच्यामुळे कळलं. दुसरा एक जण फक्त डोंगर चढायचा. दौंडहून सुट्टीत येणाऱ्या माझ्या भाच्याला पडकी थडगी आवडायची. त्या थडग्यांची रचना त्याने सगळ्यांना समजावली: शेवटच्या दालनाच्या मागे बहुतेक वेळा एक आडवाट असते, ती तुम्हाला सुरुवातीच्या तोंडाशी आणून सोडते, म्हणून आल्या वाटेने परत फिरू नका. त्याच उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर गाडीवरून भीमेकाठच्या पेडगावच्या किल्ल्यात जाऊन आला. पकडलेल्या संभाजी महाराजांना 1689 मध्ये जिथे आणलं तो हा बहादूरगड. लक्ष्मीनारायणाच्या देवळाचं कोरीव काम, पाणी उचलायच्या हत्ती मोटेचे अवशेष त्याने बारकाईने पाहिले आणि कागदावर नकाशा काढून आणला. शिरूरची पोरं तशीच कुकडीतले रांजणखळगे बघायला निघोजला गेली. खेळाने त्यांना घरात कोंडलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती पोरं पाहिली नव्हती.

कॅफेत एक नियम होता, कोणी लिहून न ठेवलेला. वाट सांगायची, पुढे काय आहे ते सांगायचं नाही. ‘डावीकडच्या गुहेत जाताना मशाल ने’ हे चालेल. गुहेत कोण बसलाय हे सांगितलं की सगळे त्याच्यावर ओरडत. वाचणारा हा नियम सर्वात कडक पाळायचा. त्याला पुढची गोष्ट माहीत असे आणि तरी तो गप्प बसे. या सगळ्या रिवाजातलं सर्वात मोलाचं काही असेल तर ते हेच, असं माझं ठाम मत आहे. मोकळ्या जगाच्या खेळात मिळवायचं असतं ते स्वतः शोधल्याचं सुख, आणि ते सुख दुसऱ्याच्या हातून हिरावायचं नाही हे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी आपणहून ठरवलं होतं.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं. डेटा स्वस्त झाला, फॉर्म मोबाईलवर भरले जाऊ लागले आणि कॅफे मी बंद केला. शिरूर-दौंडमधले बाकीचेही बहुतेक झेरॉक्सची आणि सेवा केंद्राची दुकानं झाले. पुढचं मी घरातून आणि भाच्याकडून पाहिलंय. पबजीवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली. त्याच महिन्याच्या 28 तारखेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ फुकट आला, फोनवर चालणारं मोकळं जग. लॉकडाऊनमध्ये अडकलेली कितीतरी पोरं त्यात शिरली. सल्ला आता युट्यूबवर होता, बहुतेक हिंदीत, आणि तो सगळं सांगून टाकणारा: अमुक पेटी इथे, अमुक बॉस असा मारा. युट्यूबमुळे अडलेल्याची सोय झाली हे खरं. पण त्या सल्ल्याला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून कुठे थांबायचं ते कळत नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये ‘एल्डन रिंग’ आला तेव्हा मात्र मला आनंद झाला. हिदेताका मियाझाकींचा हा खेळ पावलोपावली बाण दाखवत नाही. गुहेतून बाहेर पडताच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार समोर दिसतो. नवखा त्याच्यावर धावून जातो आणि मरतो. त्याला वळसा घालून पुढे जायचं, घोडा मिळवायचा, बळ वाढवून परत यायचं, हे शिकण्यातच पहिला धडा आहे. आणि त्यात खेळणारे एकमेकांसाठी जमिनीवर निरोप ठेवू शकतात. ठरावीक शब्दांतून जुळवलेले छोटे निरोप: पुढे आडवाट आहे, मागे बघ, आधी आग वापर. काही खोटेही असतात. पण वाट सांगायची आणि पुढचं झाकून ठेवायचं ही आमच्या काउंटरवरची रीत एका जपानी कारागिराने खेळातच बसवलेली पाहून फार बरं वाटलं. त्या शब्दांत मराठी नाही, एवढं खटकलं.

कवठ्याचा तो वाचणारा आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वही बघायला येतो तेव्हा स्वतःचं अक्षर ओळखतो.

अशा वह्या एकट्या माझ्याकडेच असतील असं मला वाटत नाही. न्हावरा, केडगाव, यवत, पाटस, दौंड, जिथे जिथे एसटी स्टँडजवळ चार मशीनचा कॅफे होता, तिथे कोणी ना कोणी कोड उतरवून घेतले असणार, नकाशे काढले असणार. आपल्या दोन तालुक्यांत 2003 ते 2016 या काळात पोरं दुपारी काय करत होती, काय वाचत होती, इंग्रजी कशी शिकत होती, याचा तो पुरावा आहे. ज्यांनी कॅफे चालवले आणि ज्यांनी तिथे खेळून दुपारी घालवल्या, त्यांना माझी विनंती आहे: माळ्यावर अशी वही असेल तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. त्यावर गावाचं नाव आणि साल घाला आणि जवळच्या वाचनालयात ठेवायला द्या.