घाटाची डागडुजी कोणाच्या पैशाने?

अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, मंदिरे, धर्मशाळा बांधल्या. पैसा राज्याच्या तिजोरीतला नव्हता, त्यांच्या खासगीतला होता. खासगी म्हणजे होळकरांच्या राणीचे स्वतंत्र उत्पन्न.

१९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. पुढे खासगीची मालमत्ता आणि उत्पन्न सरकारकडे गेले. बदल्यात सरकारने या धर्मादाय कामांसाठी दरवर्षी २,९१,९५२ रुपये कायम बाजूला काढायचे ठरले. १९६२ साली देखभालीसाठी ट्रस्टही झाला.

आकडा कागदावर बांधला गेला, पण गवंड्याची मजुरी आणि चुन्याचा भाव वाढतच गेला. बचत गट चालवताना आपणही हेच शिकलो. म्हणून ग्रामसभेत जुन्या बारवेसाठी निधी मागताना फक्त यंदाचा नको, दरवर्षी वाढणारा मागूया.