बॉनच्या पटावरचे नाव

वाचकहो, जर्मनीत राहत असाल किंवा ऱ्हाइनच्या काठाने फिरायला येणार असाल, तर एक दिवस बॉनला उतरा. स्टेशनपासून पाच-सात मिनिटे चाललात की एक लांबलचक पिवळी इमारत लागते. कोलोनच्या आर्चबिशपांचा हा जुना राजवाडा. १८१८ साली बॉन विद्यापीठ स्थापन झाले आणि राजवाड्यात वर्ग भरू लागले. समोर होफगार्टनची हिरवळ आहे. ऊन पडले की विद्यार्थी तिथे पुस्तके घेऊन पसरलेले असतात. लोक या गावात बेथोव्हेनचे घर बघायला येतात. कार्ल मार्क्स १८३५-३६ मध्ये वर्षभर इथे कायदा शिकला, तेही काहींना ठाऊक असते.

मराठी माणसाने इथे आणखी एका विद्यार्थ्यासाठी थांबावे. एप्रिल १९२१ च्या अखेरीस या विद्यापीठाच्या पटावर अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक नाव चढले: भीमराव रामजी आंबेडकर. त्याच महिन्यात त्यांना तीस वर्षे पूर्ण झाली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहून दिलेला जीवनवृत्तांत विद्यापीठाच्या दप्तरात आहे. त्याच दप्तरात पुढची नोंदही आहे. जानेवारी १९२२ मध्ये त्यांचे नाव पटावरून कमी केले गेले, कारण त्यांनी व्याख्याने घेतलीच नाहीत.

एवढेच वाचले तर वाटेल, एक अर्धवट राहिलेले शिक्षण. मोठ्या माणसाच्या चरित्रातली तळटीप. पण ही तळटीप सोडून देण्यासारखी नाही. आंबेडकरांचे अर्थशास्त्र, जर्मनी आणि आपला रुपया यांचा एक जुना संबंध आहे, आणि तो कळला की बॉनची ही छोटी नोंद वेगळी दिसू लागते.

आधी ‘व्याख्याने घेतली नाहीत’ म्हणजे काय ते पाहू. त्या काळच्या जर्मन विद्यापीठात आपल्या कॉलेजांसारखा ठरीव अभ्यासक्रम नसे. अर्थशास्त्रात आजची बॅचलर-मास्टर अशी पायऱ्यांची रचनाही नव्हती. पटावर नाव घालायचे, मग कोणत्या प्राध्यापकाची कोणती व्याख्याने आणि कोणते सेमिनार करणार याची दर सत्रात नोंद करायची आणि त्या त्या व्याख्यानाची फी भरायची. सेमिनारमध्ये मोजके विद्यार्थी प्राध्यापकाभोवती बसून आपापले निबंध वाचत, त्यावर वाद होत आणि त्यातूनच डॉक्टरेटचा विषय निघे. ज्याने व्याख्यानांची नोंद केली नाही तो पटावर राहत नसे. आजही जर्मनीत शिकणाऱ्या मुलांना विचारा: परीक्षेची वेगळी नोंदणी करायची राहिली तर वर्षभर वर्गात बसूनही परीक्षा देता येत नाही.

आंबेडकर गैरहजर का राहिले, ते तारखाच सांगतात. जून १९२१ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची एम. एस्सी. मिळाली. जून १९२२ मध्ये ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी लंडनला डी. एस्सी.चा प्रबंध सादर केला. बॉनच्या पटावर नाव असताना हा माणूस लंडनमध्ये एकाच वेळी तीन ओझी वाहत होता. चरित्रकार धनंजय कीर यांनी बॉनचा मुक्काम प्रबंध सादर केल्यानंतरचा, सुमारे तीन महिन्यांचा सांगितला आहे. म्हणजे पटावरून नाव गेल्यावरही बॉनचा विचार त्यांनी सोडला नव्हता.

एवढी ओढ कशासाठी? त्यांच्या शिक्षणाचा माग काढला की मुळाशी जर्मनी सापडते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी प्रसिद्ध आहे: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि शेवटी प्राथमिक जर्मन भाषेचा १. अर्थशास्त्रातले त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे मोठे अभ्यासक. सेलिग्मन स्वतः तरुणपणी बर्लिन आणि हायडेलबर्ग इथे शिकले होते. त्या पिढीतल्या पुष्कळ अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी हाच रस्ता धरला होता, कारण प्रगत अर्थशास्त्र शिकायचे तर जर्मनीला जायचे, अशी तेव्हाची समजूत होती. श्मोलर, वाग्नर ही तिथली मंडळी सांगत की अर्थव्यवहार कोऱ्या सूत्रांनी कळत नाही. त्या देशाचा इतिहास, कायदा, करपद्धती आणि संस्था यांच्यात तो शोधावा लागतो. आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ चाळून पहा. अंदाजपत्रके, करार, समित्यांचे अहवाल यांतून इतिहास उकलत ते निष्कर्षाला येतात. ही रीत कोलंबियात शिकलेली, पण कोलंबियाला ती जर्मनीहून आलेली. शिवाय बॉनमध्ये त्या वेळी श्मोलर यांचे शिष्य आर्थर स्पीटहोफ शिकवत होते, तेजी-मंदीच्या चक्राचे नावाजलेले अभ्यासक.

आता दुसरा धागा, रुपयाचा. आंबेडकरांच्या डी. एस्सी.च्या प्रबंधाचे नाव ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. रुपयाचा हा प्रश्न उभा राहण्यात जर्मनीचा मोठा हात होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

१८३५ पासून कंपनी सरकारच्या मुलखात एकच चांदीचा रुपया चालू होता. कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून घ्यावेत. इंग्लंडचे चलन सोन्याचे होते. तरीही सोन्या-चांदीच्या भावाचे प्रमाण जगात बहुतांशी स्थिर राहिल्यामुळे एक रुपया म्हणजे साधारण दोन शिलिंग हा हिशेब पिढ्यान् पिढ्या टिकला. मग १८७०-७१ चे युद्ध झाले. प्रशियाने फ्रान्सला हरवले, जर्मन साम्राज्य उभे राहिले आणि फ्रान्सकडून पाच अब्ज फ्रँकची खंडणी वसूल झाली. नव्या साम्राज्याने १८७१ आणि १८७३ च्या कायद्यांनी सोन्याचा मार्क आणला आणि जुनी चांदीची नाणी वितळवून चांदी बाजारात विकायला काढली. ती आपल्याकडे लोटेल या धास्तीने फ्रान्स आणि त्याच्या जोडीच्या देशांनी चांदीची नाणी पाडण्यावर बंधने घातली. अमेरिकेतल्या खाणींतून नवी चांदीही येतच होती. चांदी कोसळली आणि चांदीबरोबर रुपया.

याचा भार कुणावर पडला, ते एका साध्या हिशेबाने कळते. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडांत पैसे भरावे लागत: कर्जाचे व्याज, साहेबांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा खर्च. त्यांना ‘होम चार्जेस’ म्हणत. रुपया चोवीस पेन्सांचा असताना एका पौंडासाठी दहा रुपये पुरत. १८९२-९३ पर्यंत तो पंधरा पेन्सांवर आला, म्हणजे त्याच एका पौंडासाठी सोळा रुपये. वरचे सहा रुपये कुठून येणार? सारा, मीठ, पट्टी, करांतूनच. बर्लिनमध्ये एक कायदा झाला आणि त्याचा चटका साताऱ्या-सोलापूरच्या शेतकऱ्यापर्यंत पोचला.

१८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सांना बांधला गेला. सोन्याची नाणी हातात येत नव्हती, पण परदेशी देण्यापुरता रुपयाचा सोन्याशी दर राखला जाई. ही व्यवस्था म्हणजे सुवर्णविनिमय परिमाण. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात तिची भलावण केली होती. आंबेडकरांनी नेमके तिच्यावरच बोट ठेवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: लंडनमध्ये रुपयाचा दर स्थिर आहे का, एवढेच तुम्ही पाहता. पण ज्याला मजुरी रुपयात मिळते त्याला त्या रुपयात धान्य किती येते, हा खरा प्रश्न आहे. या व्यवस्थेत नवे रुपये पाडायचे की नाही हे सरकारच्या मर्जीवर, आणि त्या मर्जीला लगाम नाही. रुपये वाढले की भाव वाढतात, आणि वाढत्या भावामागे मजुरी लंगडत जाते. म्हणून सोन्याचे नाणे चालू करा आणि रुपये पाडण्याचे दार सरकारसाठीही बंद करा, हा त्यांचा उपाय.

उपायावर अर्थशास्त्रज्ञ आजही वाद घालतील. लंडनमधले त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी पुस्तकाच्या प्रस्तावनेतच आपला मतभेद नोंदवला आहे आणि तरीही त्या मांडणीच्या ताजेपणाचे कौतुक केले आहे. पण प्रश्न विचारण्याची जागा बघा. विनिमयाच्या कोरड्या चर्चेत मजुराला त्यांनी मध्यभागी आणून बसवले.

आणि हा प्रश्न घेऊन ते कोणत्या देशात आले? युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. आंबेडकरांचे नाव बॉनच्या पटावर चढले तेव्हा साठ-पासष्ट, पटावरून उतरले तेव्हा दोनशेच्या आसपास. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूर खोऱ्यात शिरल्या. सरकारने संपावर गेलेल्या कामगारांना पोसण्यासाठी आणखी नोटा छापल्या. त्या महिन्यात डॉलरला हजारोंनी मार्क पडत होते आणि नोव्हेंबरात हाच आकडा ४.२ लाख कोटींवर पोचला. बॉन तर युद्धानंतर दोस्तराष्ट्रांच्या सैन्याच्या ताब्यातच होते. आयुष्यभर पै-पै साठवलेल्या शिक्षकांची, पेन्शनरांची, विधवांची पुंजी एका पावाच्या किमतीइतकीही उरली नाही. ज्यांच्याकडे कारखाने आणि जमिनी होत्या त्यांची कर्जे मात्र आपोआप फिटली. नोटा छापणाऱ्या हाताला लगाम नसला की कोण बुडते आणि कोण तरते, याचा धडा कुठल्याही व्याख्यानापेक्षा इथला बाजार रोज देत होता.

पैशाच्या चढउताराची झळ त्यांना स्वतःलाही नवी नव्हती. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून मागे टाकलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांवर ते जुलै १९२० मध्ये लंडनला आले. त्याच सुमारास रुपया घसरू लागला होता. १९२० च्या सुरुवातीला अडीच शिलिंगांच्या वर गेलेला रुपया वर्षभरात १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली आला. हिशेब करून बघा. दोन शिलिंगांचा रुपया धरला तर पाच हजारांचे पाचशे पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सांचा धरला तर तेच पाच हजार ३३३ पौंड. लंडनच्या खोलीत रात्री चार पापड भाजून भूक भागवणाऱ्या विद्यार्थ्याला विनिमय दर म्हणजे काय, हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. प्रबंधातली टीका लंडनच्या परीक्षकांना फार जहाल वाटली आणि त्यांनी तो सुधारून मागितला. तिथे राहायला पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये आंबेडकर मुंबईला परतले आणि प्रबंध मुंबईहून सुधारून पाठवला. त्या वर्षाच्या उत्तरार्धात डी. एस्सी. मिळाली आणि लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशकांनी पुस्तक काढले. इकडे जर्मनीत नोव्हेंबर १९२३ च्या मध्यावर रेंटेनमार्क आला आणि जुन्या नोटांचे राज्य संपले. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांची साक्ष झाली. रुपयाचा दर उतरवला की व्यापाऱ्याला फायदा होतो, पण तो फायदा आभाळातून पडत नाही, मजुराच्या खिशातून येतो, ही भूमिका त्यांनी त्या काळात ठामपणे मांडली. याच आयोगाच्या शिफारशीतून पुढे १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक उभी राहिली.

बॉनची पदवी मात्र राहून गेली. १९२५ मध्ये जोसेफ शुम्पेटर तिथे प्राध्यापक म्हणून आले आणि बॉनच्या अर्थशास्त्राचे नाव जगभर झाले. तोवर आंबेडकर मुंबईत वकिली आणि चळवळ यांत गुंतले होते.

आपण परदेशातली मराठी माणसे पदव्या मोजण्यात पटाईत. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादीही आपण अभिमानाने म्हणून दाखवतो. पण त्या पदव्या कोणत्या विषयात होत्या, त्यांत नेमके काय लिहिले होते, हे विचारले तर आपल्यातले किती जण सांगू शकतील? राज्यघटनेच्या शिल्पकाराला आपण ओळखतो. त्याच्या आधी दहा वर्षे रुपये-पेन्सांचे तक्ते मांडत बसलेला अर्थशास्त्रज्ञ आपल्या घरांत अजून पुरता पोचलेला नाही.

आज दरवर्षी पुण्या-नागपूरची मुले जर्मनीत शिकायला येतात. व्हिसासाठी आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे ठेवावे लागतात. २०२४ मध्ये ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली. घरी कुणीतरी बँकेचे कर्ज काढलेले असते, आणि युरो दोन रुपयांनी वर गेला की आईवडिलांचा हिशेब नव्याने सुरू होतो. त्या मुलांपैकी कुणी तुमच्या ओळखीचे असेल, तर त्याला किंवा तिला एकदा होफगार्टनवर घेऊन जा. पिवळ्या वाड्याकडे तोंड करून बसा आणि सांगा, शंभर वर्षांपूर्वी याच हिशेबाने बेजार झालेला आपल्यातला एक विद्यार्थी इथल्या पटावर होता. त्याला इथे व्याख्याने घ्यायला वेळ झाला नाही, पण तो हिशेब त्याने सोडला नाही.